सगुणकाकांची कंबर

सगुणकाकांच्या देखत दुसऱ्या कुणी काही उचललं, की त्यांना तो आपला अपमान वाटत असे. वस्तू काय आहे, कुणाची आहे, कुठे न्यायची आहे, या चौकशा मागाहून. आधी ते धावत येणार, उचलणाऱ्याला कोपरानं बाजूला सारणार आणि म्हणणार, "तुमी सरा. मी आसंय!"

'मी आसंय' म्हणजे 'मी आहे ना'. आमच्या पेडण्याकडे हे कुणीही कुणालाही म्हणतं. सगुणकाका म्हणाले म्हणजे मात्र त्या वस्तूवरचा तुमचा हक्क संपला.

हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे एखादा पैलवान उभा राहिला असेल, तर त्याला खाली बसवा. सगुणकाका अंगानं म्हणजे अळवाचा देठ. मामलेदार कचेरीत कारकून. नोकरीत फायलीहून जड काही उचलायची वेळ यायची नाही. घरी परतले, की अंगात गंजीफ्रॉक, खांद्यावर पंचा आणि नजर रस्त्यावर, कुणाचं काही अडलंय का.

माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. इब्रामपूरहून त्यांची पेडण्याला बदली झाली, तेव्हा गोवा मुक्त होऊन फार वर्षं झाली नव्हती. सगुणकाकांच्या शेजारच्या घरापुढे आमच्या बिऱ्हाडाचा ट्रक थांबला. वडिलांनी आणि ड्रायव्हरनं वाटपाचा दगडी रगडा उतरवायला हात घातला, तोच मधल्या दगडी गडग्यावरून एक हडकुळा माणूस उडी टाकून आला.

"मास्तरांनू, तुमी सरा. मी आसंय!"

रगड्याला पोटाशी कवटाळून, खेकड्यासारखा तिरपा चालत, तो माणूस आमच्या स्वयंपाकघरात गेला. रगडा ठेवला, घाम पुसला आणि मग आपलं नाव सांगितलं.

आई संकोचत म्हणाली, "रगडा खरं तर मागीलदारी ठेवायचा होता."

काकांचा चेहरा असा फुलला, जणू तिनं त्यांना जेवायला वाढलं. त्यांनी रगडा पुन्हा उचलला.

त्यांचं याबाबत एक शास्त्रही होतं. "प्रत्येक वस्तूक कान आसता," ते मला समजावत. "माणूस जोर करता आणि मरता. जोर करूचो न्हय. कान सोधूचो. कान गावलो, की वस्तू आपणहून मागसून येता, शाळेक जाणाऱ्या पोरासारखी." कपाटाचा कान खाली मागच्या बाजूला, तांदळाच्या पोत्याचा दोन टोकांना, फणसाला कानच नाही म्हणून फणस हा हलकट. चवथीला वाड्यावरच्या निम्म्या घरांतले गणपती त्यांच्या डोक्यावरून घरी येत. फळाफुलांच्या माटोळीचा सांगाडा गणपतीवर टांगायलाही तेच. त्या दिवसांत काकींना स्वतःच्या घरी नवरा दिसत नसे. "आमचो गणपती तेवडो शेजारचो कोण तरी हाडता," असं त्या म्हणत. ते खोटं होतं, पण अगदीच खोटं नव्हतं.

एकदा बसस्टँडवर एका म्हातारीच्या डोक्यावरचं गाठोडं त्यांनी "आवय, तू सर, मी आसंय" म्हणत उतरवलं, बांद्याला जाणाऱ्या बसच्या टपावर चढवलं, दोरीनं बांधलं. बस सुटली. म्हातारी मागे उभीच. तिला कुठे जायचंच नव्हतं. ती नुकती त्याच बसमधून उतरली होती! मग काका मागितलेल्या सायकलवरून थेट पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत बसमागे गेले. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन, सायकल हातानं ढकलत परत आले. गाठोड्यात सुकी मासळी होती. पुढे दोन दिवस काकांच्या आगमनाची वर्दी मांजरांना आधी लागत होती.

आता मी डिचोलीत राहतो. आमच्या कॉलनीत कुणाचं सामान आलं, की चार अनोळखी पोरं टेम्पोतून उतरतात, पट्टे लावून फ्रीज वर नेतात, निघून जातात. कुणी कुणाला 'सरा' म्हणत नाही. मी खिडकीत उभा असतो. चहा थंड होतो.

सगुणकाकांसारख्या माणसाची कंबर जायची, तर निदान देवळाची घंटा उचलताना जायला हवी होती. ती गेली एका उंड्यापायी.

सकाळी पोदेर पाव घेऊन आला होता. काकांनी उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, त्यातला एक अंगणात पडला. ते वाकले, उंडा हातात आला, पण ते वर आले नाहीत. काकींची हाक ऐकून मी गडगा ओलांडून गेलो. मी तोवर वडिलांसारखाच मास्तर झालो होतो. काका तुळशीपाशी काटकोनात उभे. घामानं डबडबलेले. हातातला उंडा मात्र सोडला नव्हता.

"काका, आम्ही उचलतो तुम्हाला," मी म्हटलं.

"तुमी?" त्या वेदनेतही त्यांच्या आवाजात तुच्छता होती. "तुमका येता काय?"

शेवटी चौघांनी त्यांना धरून खुर्चीत घातलं. त्या वेळात त्यांच्या सूचना चालूच. "काखेत धर रे! माणसाचो कान काखेत! पाय कित्या ओढतंस, मी काय आंब्याची फांदी?"

पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात मणक्याची शस्त्रक्रिया झाली. तिथल्या डॉक्टरांनी फार चांगलं केलं, आणि घरी सोडताना सांगितलं, की यापुढे वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही आणि भरलेल्या तांब्याहून जड काही उचलायचं नाही.

"तांब्यो रिकामो की भरलेलो?" काकांनी विचारलं.

"भरलेला चालेल."

"आणि कळशी?"

"नाही."

"अर्दी भरलेली?"

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

काकांची एकुलती लेक शालन. तिचं सासर वास्कोला, नवरा बंदरात नोकरीला. आपल्या लहान मुलीला, पिंकीला, घेऊन ती माहेरी राहायला आली, आणि घरात एक वेगळाच कारभार सुरू झाला. कारण शालन वडिलांशी बोलतच नसे. भांडण नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. काका समोर खाटेवर पडलेले, आणि शालन स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणे, "आई, बाबांका चाय होयी काय विचार." काका छताकडे बघत उत्तर देत, "तिका सांग, अर्दो कप." काकी दोघांच्या मध्ये बसून हसत, "मी काय पोस्टमन?"

खाट पुढच्या खोलीत खिडकीशी टाकली होती. दुपारी वाड्यावरच्या बायका काकींकडे येत, आणि तेव्हा काकांना एक शोध लागला. काकी नकला करत. भटजींची पोथी वाचताना येणारी जांभई, पोदेराचं सुट्ट्या पैशांसाठी चाचपडणं, आमच्या मुख्याध्यापकांचं शिंकणं. सगळ्या वाड्याला ते माहीत होतं. काकांनाच नव्हतं, कारण त्या वेळी ते कुणाचं तरी कपाट हलवत असत.

"परत कर गो!" ते पडल्यापडल्या ओरडत. "भटजी परत कर!" आणि हसू आलं, की पाठ धरून कळवळत, "पुरे, पुरे, टाके!" काकींनी मग पदर खोचून खुद्द सगुणकाकांची नक्कल केली. 'तुमी सरा' म्हणत त्यांनी रिकामी टोपली असा चेहरा करून उचलली, की पिंकी जमिनीवर लोळली. काका हसले नाहीत. जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मी असो दिसतंय?"

"ह्याच्याहून वायट," काकी म्हणाल्या. मग तेही हसले.

अडचण होती ती उठण्याची. एका कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, दुसऱ्याच्या गळ्यात हात घालून सरळ वर यायचं. काकी ठेंगण्या, त्यात गुडघेदुखी. पहिल्याच सकाळी काकांनी फर्मान काढलं, "मास्तरांच्या बाबूक हाड."

तो बाबू म्हणजे मी. गेलो. पुढे होणार, तोच शालन म्हणाली, "नको. तू किती दिवस येतलंस? मी करतंय."

ती खाटेपाशी जाऊन वाकली.

"बाबा, गळ्यात हात घाला."

हे ती आईला म्हणाली नव्हती. काकांनी हात वर केला, हवेतच थांबवला, पुन्हा चादरीवर ठेवला. "रव जरा. मागीर उठतंय," ते पुटपुटले.

मी उगाच स्वयंपाकघरात गेलो. काकी चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"काय झालं, काकी?"

"लाजतत ते," त्या हळूच म्हणाल्या. "तुमी येवच्या आदी आमी एकत्र रवत होतो मरे. मामंजी, सासू, थोरले भावजी. थोरल्यांच्या देखत बापायन आपला पोर उचलला, तर लोक म्हणत लाज सोडल्यान. भावांची पोरां ह्येंच्या खांद्यार नाचत. शालन मात्र दारात हात वर करून हुबी. हे इकडे बगत, तिकडे बगत, आणि दिसली ती घागर उचलून भायर जात. नाय तर शेजारचा पोता."

"मग?"

"मग काय? ती मोठी जाली. हात वर करूचे सोडल्यान."

दूध उतू जायला आलं होतं. त्यांनी ते उतरवलं.

बाहेर काहीतरी हललं म्हणून मी डोकावलो. काका खाटेच्या कडेला बसले होते, दोन्ही हात शालनच्या गळ्यात. ती म्हणत होती, "आता वयर. घाय करू नका." ते सावकाश उभे राहिले. उभे राहिल्यावर हात काढायला हवे होते. त्यांनी काढले, पण लगेच नाही.

त्यानंतर मला बोलावणं आलं नाही. कमरेला पट्टा बांधून, शालनचा खांदा धरून काका रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात चालायचे. आधी मुकाट्यानं. मग एके दिवशी मी गडग्यापलीकडून ऐकलं.

"तुका गो कसली भाजी आवडता?"

"बाबा, माझी पोर शाळेत जाता आता."

"म्हणून काय जाला? विचारूक उशीर जालो खरो. सांग."

"तांबडी भाजी. खोबरां घालून."

काकांनी तिथूनच आत हाक दिली, "अगो, आयकलंस? हिका तांबडी भाजी आवडता!"

"रांदता कोण ती?" आतून काकी. "काय पण बातमी हाडल्यात!"

पण काकांना ती बातमीच होती. संध्याकाळी त्यांनी ती मलाही सांगितली. पुढे अशा बातम्या रोज येऊ लागल्या. शालनला पावसाळ्यात फेरीबोटीची भीती वाटते. लहानपणी ती तेरेखोलच्या किल्ल्यावर सहलीला गेली होती आणि तिथे तिला उलटी झाली होती. तिला गणित येत होतं, पण गुरुजींचा आवाज आवडत नव्हता. "तुका म्हायत होता?" ते मला विचारत. मला सगळं माहीत होतं, आम्ही एका वर्गात होतो. पण मी म्हणायचो, "नाही हो, काका."

शाळा सुरू व्हायची वेळ आली आणि शालन परत निघाली. स्टँडपर्यंत येण्याचा काकांनी हट्टच धरला. शालनच्या हातात पिशवी, माझ्या हातात ट्रंक, पिंकीच्या हातात आंब्याच्या साठांची पुडी, आणि काका रिकामे. हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. कधी मागे बांधत, कधी पट्ट्याला चाचपत.

स्टँडसमोरच काकांच्या थोरल्या भावाचं किराणा दुकान. म्हातारे झाले होते, तरी पायरीवर बसून असत. काकांनी लांबूनच त्यांना पाहिलं आणि चाल जरा मंदावली.

म्हापशाची बस लागली. तिथून पुढे पणजी, मग वास्को. मी ट्रंक टपावर दिली. शालन वडिलांच्या पाया पडायला वाकली. त्यांना वाकायची मनाई, म्हणून ते ताठ उभे. ती उठली, तेव्हा त्यांनी एकदा दुकानाकडे पाहिलं. मग भर स्टँडवर, सगळ्या माणसांत, दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं.

"येत रव गो," ते म्हणाले. "येत रव, बाय."

शालनचे खांदे हलत होते. कंडक्टरनं शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजवली नाही.

थोरले भाऊ पायरीवरून उठले. मला वाटलं, आत जातील. ते काठी टेकत रस्ता ओलांडून आले. त्यांनी या दोघांकडे पाहिलंही नाही. पिंकीच्या मुठीत लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आले तसे परत गेले.

बस वळणाआड गेली. आम्ही हळूहळू घराकडे निघालो. देवळाजवळ येऊन काका थांबले.

"म्हापश्यासून वास्कोक थेट बस आसा काय रे? की पणजेक बदलूक होयी?"

"काका, डॉक्टरांनी इतक्यात प्रवास..."

"आज न्हय रे," ते म्हणाले. "मी आपलां विचारतंय."