अण्णांचा कोनाडा

मी खिडकीतल्या एका बाईचे केस पांढरे केले आणि गावातल्या सगळ्या बायका म्हाताऱ्या झाल्या.

गाव कॉम्प्युटरमधलं होतं, म्हणून मी अजून बेळगावात उजळ माथ्यानं हिंडतो आहे. आमच्या कचेरीत मुलांसाठी खेळ बनवतात. या खेळात एक चुकलेली म्हैस तिन्हीसांजेच्या धुक्यात आपलं घर शोधत गल्लीबोळांतून चालते. मारामारी नाही, घाई नाही. प्रत्येक घराच्या खिडकीत दिवा, आणि दिव्यामागे एक बाई.

खेळाचा पाया घातला भीमगोंडा अण्णांनी. अण्णा सदलग्याचे. तंबाखूच्या रानातून कॉम्प्युटरपर्यंत कसे आलात, असं विचारलं तर "चालत आलतो," एवढंच सांगतात. त्यांचं वेड एकच. एकदा आत आणलेली वस्तू परत आणायला जायचं नाही. चष्मा, किल्ल्या, पाण्याचा तांब्या, शेंगांची पुडी, सगळं टेबलावर हाताशी मांडलेलं. खुर्चीतून उठणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

चित्रांच्या फायलींचंही तेच.

"डिस्कवरनं फाइल उचलायची म्हंजे हिरीवर जाणं रं. दर तांब्याला हिरीवर कोण जातंय?"

म्हणून त्यांनी आमच्या प्रोग्राममध्ये अशी सोय केली, की चित्र एकदाच आणायचं, मेमरीत ठेवायचं आणि पुढं कुणीही मागितलं की तेच दाखवायचं. शिकलेली माणसं याला कॅशे म्हणतात. अण्णा म्हणतात कोनाडा.

खेळ सुरू झाला की कोनाड्यात येणाऱ्या चित्रांची नावं पडद्यावर उमटतात. तेव्हा अण्णा मांडवाच्या दारात उभे असल्यासारखे बोलतात. "पिंपळ आला, या. हीर आली. म्हस आली, जरा सरका की रं." खिडकीतली बाई आली की मात्र गप्प. मला वाटायचं, अण्णा बायकांसमोर बुजतात.

कोनाड्याचा नियम त्यांनी मला उठता बसता सांगितला होता. "बघायला घे, हात लावू नको. रंगवायचं असंल तर आधी नक्कल काढ." कारण कोनाड्यात बाई एकच. गावभरच्या खिडक्यांतून दिसते ती तीच.

त्या दिवशी दुपारी निपाणीहून शाळेचे मास्तर खेळ बघायला येणार होते. त्यांना पसंत पडला तर खेळ शाळेत जाणार होता. ऐन जेवणाच्या सुट्टीत माझ्या डोक्यात आलं, शेवटच्या घरात म्हशीची मालकीण म्हातारी पाहिजे. चित्रं काढणारी शैला घरी जेवायला गेली होती. म्हटलं, तिला कशाला त्रास? चार ओळी लिहून मीच केस पांढरे केले. नक्कल तेवढी काढायची राहिली.

अण्णा आले, बसले, खेळ सुरू करून म्हैस हाकू लागले. पहिल्या गल्लीत बाई म्हातारी. दुसऱ्या गल्लीतही. म्हैस थांबली. आता शिव्यांची गाडी सुटणार म्हणून मी मान खाली घातली, पण अण्णांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. म्हैस खिडकीसमोर उभी आणि धुकं तिच्या पाठीवरून हळूहळू सरकत होतं.

तेवढ्यात शैला आली. पडद्याकडं बघितलं आणि मला ओढतच बाहेर नेलं.

"काय केलासा हो हे? त्या वहिनी हैत, अण्णांच्या बायको. फोटो अण्णांनीच दिलता मला. चाळिशी बी न गाठता गेल्या वो त्या."

मी धावत आत गेलो. "अण्णा, फाइल शाबूत आहे. चार ओळी पुसतो, खेळ पुन्हा सुरू करतो. वहिनी होत्या तशा दिसतील."

"थांब."

"पण मास्तर येतील..."

"येऊ देत की. म्हस दमलीया."

दमलेली म्हैस गावभर हिंडली. बाहेर रिक्षावाले कानडीत भांडत होते, रणरणतं ऊन होतं, आणि अण्णांच्या टेबलावर तिन्हीसांज झाली होती. कुठं ती खिडकीतली म्हातारी धुक्यात पुसट दिसे, कुठं दिव्याशी अगदी जवळ. प्रत्येक खिडकीपाशी म्हैस थोडा वेळ उभी राहायची. जणू आतून कुणी काही विचारत होतं आणि अण्णा सावकाश उत्तर देत होते. त्यांचे केस केव्हाच पिकलेत. एवढ्या वर्षांनी दोघं एका वयाची दिसली.

जिन्यावर मास्तरांच्या चपला वाजल्या. आता खेळ बंद करून माझ्या चार ओळी पुसणं भाग होतं, आणि पुसल्या की ही म्हातारी जाणार होती. मला राहवलं नाही.

"अण्णा, ही अशीच जपून ठेवू का? तुमच्यासाठी?"

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पडद्याला नाक लावून बघितलं.

"नको. तिचं पांढरं कानामागनं सुरू झालतं. तू सरळ कपाळाला चुना फासलाईस. उद्यापास्नं घरं रंगवायला जा तू."