माणसाळलेली दोरी

हसनचाचांना बंद खोकं दिसलं की ते उचलतात, कानाशी धरतात आणि हलवतात. खोकं कुणाचं, आत काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. माझ्या भाचीच्या लग्नात आहेराच्या टेबलाजवळ उभं राहून त्यांनी एकेक भेट हलवून पाहिली आणि काचेचा एक सेट उघडून पुन्हा बांधायला घेतला. नवरदेवाचे काका धावत आले.

"हाललं म्हणजे गेलं," चाचा त्यांना शांतपणे म्हणाले आणि सुतळी मागितली.

म्हसळ्यात आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण आहे. अठ्ठावीस वर्षं चाचांनी आखातातल्या एका गोदामात सामान बांधायचं काम केलं. आता ते एकटेच असतात. खातूनचाची तीन वर्षांपूर्वी गेल्या.

गेल्या वर्षी मी, माझे मिस्टर, नणंद आणि तिचा नवरा, असे चौघं हॉलंडला सायकलवर फिरायला निघालो. सायकली घडीच्या, चारही विमानातून न्यायच्या. मी शाळेत शिकवते आणि यादीशिवाय भाजीलाही जात नाही. या प्रवासाची यादी एकेचाळीस कलमांची होती. सतरावं कलम: नवी नायलॉनची दोरी. अठरावं: कात्री.

चाचा कुंपणापलीकडून बघत होते. मी पहिली सायकल दुमडून खोक्यात ठेवली, तसे ते आत आले आणि खोकं हलवलं. आत खडखडलं.

"काय गो बाय, सायकल नेतेस का भंगार?"

मग त्यांनी कामच हातात घेतलं. टायरमधली हवा कमी केली. सीट खाली उतरवली. पेडल काढताना माझे मिस्टर डावं पेडल जोर लावून आवळतच होते, तेव्हा चाचा म्हणाले, "साहेब, डाव्याचा आटा उलटा असतो. तुम्ही त्याचं लगीन लावताय." साखळीला जुना टॉवेल, हँडलला रबराची नळी, चाकांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा. प्रत्येक खोकं दोन्ही हातांनी उचलून "बावीस किलो, वर थोडं" असं सांगायचे. वजनकाटा आणून मी चार वेळा त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

माझी नवी दोरी मात्र त्यांनी बाजूला सारली.

"ही सरकते. दोरी कशी, माणसाळलेली पायजे."

घरून त्यांनी बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला. आत जुन्या दोऱ्यांच्या गुंडाळ्या गच्च बसवलेल्या होत्या. सगळ्या एकसारख्या, प्रत्येकीला मधोमध नेमका एक पीळ. त्यातल्या चार त्यांनी निवडून काढल्या. एकेक सोडताना जरा थांबत होते. मला वाटलं, गाठ घट्ट असेल.

मुंबईच्या विमानतळावर मी शेवटचं कलम वाचलं: पत्ता तपासणे. चारही खोक्यांवर चाचांच्या ठळक अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत, लिहिलेलं होतं: खातून हसन, मशिदीमागे, मु. पो. म्हसळा, जि. रायगड.

चाचांचा हात सवयीनं चालला होता. मिस्टरांनी खोडायला पेन पुढे केलं. मी ते घेतलं, हॉटेलचा पत्ता वेगळ्या कागदावर लिहिला आणि शेजारी चिकटवला. खोडलं काहीच नाही.

सायकली पोचल्या. एक ओरखडा नव्हता. बारा दिवस कालव्यांच्या कडेनं फिरलो. परतताना त्याच खोक्यांत, त्याच दोऱ्यांनी, आम्हाला येतील तशा गाठी मारून सायकली बांधल्या. मुंबईत तीनच खोकी आली. माझं चौथं कुठेतरी राहिलं होतं.

सहाव्या दिवशी शाळेतून येते तो चाचा कुंपणाशी उभे.

"बाय, पार्सल आलंय. खातूनच्या नावाचं."

हॉटेलच्या पत्त्याचा आमचा कागद वाटेत गळून पडला होता आणि खोकं पत्त्याप्रमाणे त्यांच्याकडे गेलं होतं. मी कात्री घेऊन गेले. पडवीच्या मधोमध खोकं, समोर त्यांची खुर्ची. त्यांनी ते हलवूनही पाहिलेलं नव्हतं.

"तुम्ही उघडायचं होतंत की, चाचा."

"मी आयुष्यभर बांधलीच गो. माझी पार्सलं बोटीनं येयाची, दोन दोन महिने लागायचे. मी सुट्टीवर येऊन परत गेलेला असायचो. घरात खोकं उघडताना मी एकदापण नाय पायलं. ती फोनवर सांगायची, आज उघडलं, असं असं निघालं." ते खुर्चीत बसले. "तू उघड. मी बघतो."

मी कात्री पुढे केली, तसा त्यांनी हात वर केला.

"कापू नको. खातून कधी कापायची नाय. सोडवायची, गुंडाळायची, डब्यात ठेवायची."

मी कात्री पिशवीत टाकली. गाठी माझ्याच होत्या, त्यामुळे पाऊण तास गेला. चाचांनी एकदाही घाई केली नाही. सायकल बाहेर आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या दोरीवर होतं. मला जमली तशी मी ती गुंडाळली. मधला पीळ काही साधला नाही.

"बाकीच्या तीन?" त्यांनी विचारलं.

त्या तिन्ही मी घरी आल्या दिवशीच कापल्या होत्या. अठरावं कलम. तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले होते. मी पिशवीतल्या कात्रीकडे पाहिलं.

"कापल्यास ना? मला ठाव होतं." ते हसले. "म्हणून तर एक सरळ घरी आली."

त्यांनी माझी वेडीवाकडी गुंडाळी डब्यात ठेवली, झाकण लावलं, डबा कानाशी धरून हलवला. आतल्या दोऱ्या इकडून तिकडे सरकल्या. मी मान खाली घातली.

"हालतंय," ते म्हणाले. "तुझी ती नवी दोरी हाय ना अजून? आण. तिला पण माणसाळवू."

मी घरी जाऊन ती घेऊन आले. कात्री घरी ठेवली.