ॲनॉस्मियाचे गाव

आमचे घरमालक मारुतीतात्या माणसाप्रमाणे शब्दालाही आधी गाव विचारीत, मग कुळी.

लवळ्याच्या टेकडीवर महाविद्यालये आली तेव्हा तात्यांनी खाचराच्या कडेला भाड्याच्या खोल्या बांधल्या. शिकवायला आलेली मी त्यांतल्या एकीत राहू लागले. त्याच वर्षी तापात तात्यांचे नाक गेले. म्हणजे नाक जागेवर राहिले, वास तेवढे गेले. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी, स्थळाची पत्रिका धरावी तशी, चिमटीत धरून आणली.

"बाई, ह्यो ॲनॉस्मिया कुटला?"

"ग्रीसचा."

"लई लांबचा. आन् आईबाप?"

मी कोश उघडला. 'ऑस्मी' म्हणजे वास. त्याआधीचा 'अन्' म्हणजे नसणे.

"अन्? ह्यो तर आपलाच! अनवाणी, अनोळखी... पावना भावकीतलाच हाय की!"

तेव्हापासून तो शब्द तात्यांच्या तोंडी नांदू लागला. ग्रामसभेत ते गरजले, "गटार तुंबलंय, तुमा समद्यांस्नी ॲनॉस्मिया झालाय!"

"तात्या, वास तुला येत न्हाई," त्यांचे मित्र बाजाबा म्हणाले, "आन् बोंब आमच्या नावानं?"

गाव हसले, तात्याही हसले. पण घरात आंबेमोहोर रटरटू लागला की ते ओसरीवरून उठत आणि बांधावर जाऊन पाठमोरे बसत.

तापाच्या चार महिने आधी त्यांची पत्नी वारली होती. मी तिला कधी पाहिले नव्हते.

एका दुपारी, उन्हाने पत्रे कडकडत असताना, तात्या काखेत गोधडी घेऊन आले. जुन्या लुगड्यांची, मऊ, फिकी.

"हिची हाय. सून उद्या धुवायला काढतीया. मला तर काय कळंना. तुमी बगा बाई, तिचा वास हाय का अजून? नसंल तर धुवू दे."

मी गोधडीत चेहरा बुडवला. डांबरगोळ्या. ऊन. पेटीतला कोंदटपणा. बाकी काही नाही.

"आहे, तात्या."

"कसला?"

मी पुन्हा गोधडी नाकाशी नेली. तात्यांनीच हळूच विचारले, "गवऱ्यांच्या धुराचा?"

"हो."

"आन् हळदीचा? तिच्या हाताला कायम हळद असायची."

"हो. हळदीचाही."

तात्यांनी गोधडी दोन्ही हातांनी परत घेतली, नीट घडी घातली आणि दारातूनच सुनेला हाक दिली,

"धुवू नगंस गं पोरी. बाई म्हनत्यात, हाय अजून."