काम बाकी

ताराचंद खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाले, पण त्यांचं लॉगबुक काही सुटलं नाही. उरलेलं काम पहिल्या ओळीत लिहायचं आणि ज्याच्या नावावर आहे तो स्वतः येऊन सही करेपर्यंत ते रोज पुढे ओढायचं, ही तिथली शिस्त. आता ते घराचं लॉगबुक कॉम्प्युटरवर लिहीत आणि रोज नागपूरला मुलाला, प्रशिकला, पाठवत.

प्रशिक प्रोग्रामर. दोन पानांची फाइल वाचायला त्याला वेळ कुठला? त्याने छोटासा प्रोग्राम लिहिला: 'काम बाकी'ने सुरू होणारी ओळ तेवढी दाखव, उरलेलं सोडून दे. त्याचं बापावर प्रेम होतंच, फक्त ते आता एका ओळीत मावत होतं.

सोमवारी ओळ आली, 'काम बाकी: नळाचा वॉशर. प्रशिक.' त्याने ऑनलाइन मागवून घरी पाठवला. दोन दिवसांनी पुन्हा तीच ओळ. साइज चुकली असेल म्हणून मोठा पाठवला. मग पाना, मग अख्खा पितळी नळ, शेवटी प्लंबर. ओळ हलेना. पंधराव्या दिवशी आईचा फोन आला.

"काहून रे, बापाले दुकान टाकून देऊन राहिला काय?"

"मंग बाबा रोज तेच काहून लिहून राहिले?"

"खालचं वाचत नाही काय तू?" म्हणून तिने फोन ठेवला.

प्रशिकने पहिल्यांदाच सगळी फाइल उघडली. 'वॉशर मीच बसवला. नळ ठीक. प्रशिक आला नाही.' त्याखाली, 'वांग्याची भाजी केली होती. उरली.' आणि परवाच्या तारखेला, 'प्लंबर आला. माणूस चांगला. प्रशिकच्या ताटात जेवला.'

पाऊण तासाचा रस्ता, आणि पाच महिने तो गेला नव्हता.

रविवारी तो घरी पोहोचला. नळातून थेंबही गळत नव्हता. पोटभर जेवण झाल्यावर ताराचंदांनी कॉम्प्युटर पुढे सरकवला. "काम झालं ना? कर सही अन् हो मोकळा."

प्रशिकने टाइप केलं, 'काम बाकी: नळ गळत नाही, पण भरवसा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तपासणे. प्रशिक.'

ताराचंदांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"नियमात बसते," ते म्हणाले, आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "अवं, पुढच्या रविवारले वांगे जास्त आणजो."