डबा न विकणारी मंदाकाकी

ओरोसला आमच्या सरकारी क्वार्टर्सच्या खाली एक मेडिकल आहे. सकाळी तिथं गेलात, तर एखादा चांगला धट्टाकट्टा माणूस काउंटरसमोर धापा टाकत उभा दिसेल. तो स्वतःचं नाव, वडलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं मोठ्यानं सांगत असतो आणि काउंटरमागे मंदाकाकी डोळे मिटून ऐकत असते. तालुक्याच्या आसपास माणसाचा श्वास अडकतो. मग काकी मान हलवते आणि त्याच्यासमोरचा प्रोटीन पावडरचा डबा उचलून परत फळीवर ठेवते.

तिचा नियम साधा आहे. आधी ती बीपी, छातीत दुखणं, गुडघे असं सगळं विचारून घेते, आणि शंका आली तर सरळ डॉक्टरकडे पाठवते. डॉक्टरची चिठ्ठी असली तर काहीही न विचारता औषध देते. पण जो नुसता "ताकदीचं काहीतरी द्या" म्हणून येतो, त्यानं कचेरीच्या चढावरच्या वडापर्यंत चालत जायचं, परत यायचं आणि न थांबता पूर्ण पत्ता सांगून दाखवायचा. जमलं तर डबा. नाही जमलं तर, "पयले पाय, मगे डबो."

एकदा एक इंजिनियर साहेब यावरून भडकले. गिऱ्हाईक डबा मागतंय तर द्यायला तुमचं काय जातं, असं त्यांनी विचारलं. काकीनं शांतपणे त्यांना दुसऱ्या मेडिकलचा रस्ता सांगितला. साहेब बाहेरगावचे. ते पोचले, डबाही मिळाला. पण तिनं त्यांना तळ्याकडून वळसा घालून पाठवलं होतं, हे त्यांना आठवड्याभरानं कळलं. "तेवढेच पाय चल्ले," असं तिचं म्हणणं.

मी तिच्याकडे गेलो तो चव्वेचाळिसाव्या वर्षी. कचेरीत खुर्चीवर बसून पोट सुटलं होतं आणि दोन जिने चढलो की साहेबांपुढे फाईल ठेवताना बोलता येत नसे. त्यातच बांद्याच्या माझ्या चुलतभावानं मोबाईलवर आपल्या दंडांचा फोटो पाठवला, शेजारी डबा ठेवून. मी तडक मेडिकल गाठलं आणि फळीवरचा तसलाच डबा हातात घेतला.

काकीनं मला वडापर्यंत पाठवलंसुद्धा नाही. रात्री किती वाजता निजतोस, सकाळी काय खाल्लंस, आणि शेवटचा चढ कधी चढलास, एवढं विचारलं. मी खरं सांगितलं. एक वाजता, काही नाही आणि आठवत नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मीच डबा परत फळीवर ठेवला.

मग तिनं मला पहिला धडा दिला. सकाळी दात घासले की बूट घालायचे आणि विजेच्या पहिल्या खांबापर्यंत जाऊन यायचं. बस. मला हसू आलं. तो खांब आमच्या दारातून दिसतो. पण आठवडाभर तिनं मला दुसऱ्या खांबाकडे जाऊ दिलं नाही. पाय दमले नाहीत तरी चालेल, पण ते रोज दाराबाहेर पडले पाहिजेत, असं ती म्हणे. एक दिवस चुकला तर ती काही बोलत नसे. दोन दिवस चुकले तेव्हा ती सकाळी सहाला आमच्या घरी आली, माझ्या बायकोकडे चहा मागितला आणि पाय पसरून बसली. मी उठून बूट घालेपर्यंत तिचा चहा संपेना. बायकोनं दुसरा कप आणला, तोही ती सावकाश प्यायली. मी खांबापर्यंत जाऊन आल्यावरच ती उठली.

दुसऱ्या महिन्यात मी वड गाठला. जेवणही तिनं हळूहळू बदलायला लावलं. सकाळी अंडं, नाहीतर कुळथाची पिठी आणि भात. दुपारी मासे होतेच, फक्त ते तळण्याऐवजी आमटीत आले. रात्री साडेदहाला निजायचं. हे सगळं करून चौथ्या महिन्यात मी पत्ता एका दमात सांगितला, पिनकोडसकट. काकीनं डबा काढून पुढे ठेवला. मी तो हातात घेऊन वाचला आणि नको म्हणालो. त्या दिवशी तिनं मला आतल्या बरणीतला काजूगर दिला. हा मान फार थोड्यांना मिळतो.

काकी स्वतः त्रेसष्टची. बारीक चणीची, नऊवारी नाही, साधं गोल पातळ. पण जमिनीवरून उठताना तिचा हात कधी जमिनीला लागत नाही. एकदा मी तिच्याशी बोलत असताना गॅसवाला भरलेला सिलिंडर रस्त्यावरच ठेवून गेला. काकीनं बोलता बोलता तो उचलला, तीन पायऱ्या चढवून आत नेला आणि परत येऊन वाक्य पुरं केलं. मी थक्क झालो. या वयात एवढी ताकद कशाला कमावली असेल, असं मला वाटे. नवरा आजारी असतो, एवढं ऐकून होतो. पण दुकानामागच्या घरात ती कुणाला नेत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी ती दुकानाबाहेर माझी वाट बघत उभी होती. मी वडापर्यंत जाऊन परत आलो तर तिनं माझा पत्ताबित्ता काही विचारला नाही.

"गुरू, माझा एक काम होता," ती मला नावानं हाक मारून म्हणाली. "नाय म्हटलस तरी चलात."

आठ महिन्यांत तिला कुणाकडे काही मागताना मी बघितलं नव्हतं. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. तीन आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि तिला रोज सकाळ-संध्याकाळ बहात्तर किलो उचलायचे असत. तिचे यजमान, जयवंतकाका.

काका बोटीवर होते. निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षाच्या आत पक्षाघातानं उजवी बाजू गेली. वाचाही गेली. मुलगी पुण्यात. दिवसा एक बाई अंघोळ-जेवण बघायला येई, पण तिला पाठीचा त्रास होता. उचलणं काकीचंच.

पहिल्या संध्याकाळी मी काकांच्या पलंगापाशी उभा राहिलो. काकी डोळ्यावर पट्टी लावून खुर्चीत बसून सूचना देत होती. गुडघ्यात वाक, पाठ ताठ ठेव, त्यांची छाती तुझ्या छातीला लागू दे, मग पायांनी उठ. काका माझ्याकडे बघत होते. परक्या पुरुषाच्या गळ्यात हात टाकायला त्यांना किती जड गेलं असेल, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी उठलो. ते माझ्याबरोबर उठले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्यावर त्यांनी डाव्या हातानं माझा दंड दाबून बघितला आणि तोंडाच्या एका बाजूनं हसले.

मग बाहेरच्या खोलीत चहा पिताना काकीनं मला सांगितलं. काका आजारी पडले त्या पहिल्या महिन्यात न्हाणीघरात ते तिच्या हातांतून निसटले. लागलं नाही फारसं, पण तिला ते उचलता येईनात. दोघं ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसून राहिली, दूधवाला येईपर्यंत. काका रडत होते. तिला रडायलाही सुचेना.

"दुसऱ्या दिवशी दुकानातलो डबो फोडलंय," ती म्हणाली. "आख्खो संपवलंय. ताकद काय इली नाय, पोट तेवढा बिघडला."

मग ती व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेली. खुर्चीला धरून पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. मग दहा. मग हातात तांदळाची पिशवी, पाच किलोची, मग दहाची. स्वतःचं औषधांचं दुकान असून साधी अंडी खायला तिला तेव्हा कुणीतरी सांगावं लागलं. सात महिन्यांनी तिनं काकांना एकटीनं उचललं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

मी म्हटलं, एखादा माणूस कायमचा ठेवता आला असता, निदान उचलायला.

काकीनं कप खाली ठेवला. आतून काकांच्या रेडिओचा आवाज येत होता.

"बावीस वर्सां ह्ये बोटीर," ती म्हणाली. "वर्सातून दोन म्हयने घराक. आता खंय रोज गावतत."

तीन आठवडे झाले. तपासणी झाली आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. मी ठरल्या वेळी गेलो, तर काकी पदर खोचून पलंगापाशी उभी होती. आजपासून आपण स्वतःच उचलणार, असं तिनं मला हातानंच सांगितलं. काकांनी डावा हात तिच्या गळ्यात टाकला, ती गुडघ्यात वाकली, पाठ ताठ, आणि दोघं उभी राहिली.

खुर्ची दोन पावलांवर होती. ती दोन पावलं त्यांनी टाकलीच नाहीत. काकांनी हनुवटी तिच्या डोक्यावर टेकवली होती आणि चांगल्या हातानं ते तिच्या पाठीवर हळूहळू थोपटत होते.

मी चपला घातल्या आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.