पकडता येईल असं खोटं

कुलूपवाल्यांचं म्हणणं असं होतं की, जगात दोन गोष्टी त्यांच्यापासून लपून राहत नाहीत. एक, कुलपाच्या पोटातला खटका आणि दुसरी, माणसाच्या पोटातलं खोटं. कुलूप कानाशी धरून हलवलं की आत काय बिघडलंय ते कळतं, आणि माणूस समोर बसवून बोलता केला की तेही कळतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाईक मान हलवी, कारण त्याचं दार बंद असे आणि किल्ली कुलूपवाल्यांच्या हातात.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं लग्न ठरवलं. मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला. तिथेच मागच्या खोलीत एक तरुण कवळ्या बनवत असे. हुबेहूब! म्हाताऱ्या माणसाचे दात किती पिवळे असावेत, कुठला जरा वाकडा असावा, हे तो असं साधायचा की कवळी लावून गेलेल्या बाईला तिच्याच भावानं विचारलं होतं, अगं, तुझे दात अजून शाबूत कसे?

मुलीनं ही गोष्ट घरी फार कौतुकानं सांगितली, आणि तिथेच चुकलं. कुलूपवाल्यांनी हातातली कानस खाली ठेवली. म्हणजे खोटं ते खऱ्यासारखं करून दाखवणं हाच या माणसाचा धंदा, असं ते म्हणाले. मुलगी म्हणाली, बाबा, दातांबद्दल बोलतेय मी. ते म्हणाले, सवय एकदा लागली की दातांवर थांबते थोडीच.

शेवटी त्यांनी निकालाची रीत ठरवली. रविवारी दुपारी त्याला खेळाला बोलवायचं. “एकदा तरी मला त्याचं खोटं पकडता आलं पाहिजे,” ते म्हणाले. “ज्याचं खोटं पकडता येतं, त्याच्याबरोबर संसार करता येतो. एकदाही नाही पकडता आलं, तर माझा होकार नाही.”

आता हा खेळ कोणता, ते सांगायला हवं.

कुलूपवाले लिहायला-वाचायला शिकले ते चाळिशी उलटल्यावर, मुलीच्या शेजारी बसून, तिच्याच पाटीवर. अक्षरं जुळायला लागली तशी त्यांनी पहिली खरेदी केली ती शब्दकोशाची. विटेएवढा जाड, कापडी पुठ्ठ्याचा. त्याला त्यांनी स्वतः पितळेच्या कड्या बसवल्या. एवढे सगळे शब्द एका माणसाच्या घरात असू शकतात याचंच त्यांना अप्रूप, आणि छापलेल्या ओळीवर त्यांचा विश्वास इतका की, कोशानं जर म्हटलं असतं की कुलूप हे एक फळ आहे, तर ते दुसऱ्या दिवशी दुकानात चाखून बघायला मागेपुढे पाहते ना.

त्या कोशातून खेळ निघाला. एकानं उघडायचा आणि कुणाला ठाऊक नाही असा शब्द काढायचा. बाकीच्यांनी त्याचा मनानं रचलेला अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. काढणाऱ्यानं खरा अर्थही चिठ्ठीवर उतरवायचा, सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या आणि एकेक वाचून दाखवायची. मग प्रत्येकानं खरी कुठली ते सांगायचं. आणि घरचा खास नियम असा, की खोटी चिठ्ठी कुणाची हे ओळखलं तर बोट रोखून म्हणायचं, “ही तुझी.” याला म्हणायचं ‘बोट देणं’. बोट देण्यात कुलूपवाले पटाईत, असं कुलूपवाले म्हणत.

शब्द काढायचं आणि वाचायचं काम कायम आत्याकडे. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ‘या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत’ म्हणण्यात गेली होती, त्यामुळे तिच्या तोंडून बारसं आणि बारावं एकाच सुरात निघे. असा आवाज खेळाला सोन्याचा!

रविवारी तरुण आला. शर्ट इतका कडक इस्त्रीचा की बसताना त्याचा आवाज झाला. मुलीनं त्याला जिन्यातच गाठून पढवून ठेवलं होतं. हुशारी करायची नाही. जिंकायचं नाही. इतकं वाईट खोटं लिही, की शेंबड्या पोरालाही कळेल तुझं आहे. तरुण म्हणाला होता, ते जमेल मला, मला खोटं तसंही येत नाही. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं की वाईट खोटं लिहिणं हीही एक कला आहे आणि त्याला तिची देणगी आहे.

कुलूपवाल्यांच्या बायकोनं सगळ्यांना चहा दिला. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिचं, घरात मात्र ती थोडकं बोले. खेळातही चिठ्ठी न लिहिता खरा अर्थ कुठला तेवढं सांगे. बोट कधी कुणाला देत नसे.

पहिला शब्द निघाला ‘फरगूल’. पेन्सिली चालल्या. आत्यानं डबा हलवून वाचायला सुरुवात केली. अंगावर घ्यायचं एक सैल वस्त्र. विहिरीत पडलेली बादली काढायचा आकडा. मिठागरातली हवा. आणि मग त्याच सुरात, “फरगूल: एक वस्तू. ती फार जुनी आहे.”

मुलीनं सुटकेचा श्वास सोडला. आता बाबांचं बोट उठणार! पण कुलूपवाले डोळे मिटून बसले होते, कुलूप कानाशी धरल्यासारखे. मग त्यांनी डोळे उघडले आणि समजावून सांगितलं. विहीर, मिठागर ही सगळी नटवलेली कामं. रचणारा माणूस नटवतोच. पण कोश लिहिणारा असं करील का? तो बिचारा ‘अ’पासून निघालेला. ‘फ’पर्यंत येता येता त्याची पाठ मोडलेली असणार. तो लिहिणार, एक वस्तू, फार जुनी, आणि दिवा मालवून झोपणार. हीच खरी.

आत्यानं सांगितलं, ही पाहुण्यांची. खरा अर्थ सैल वस्त्र. बायकोनं तोच सांगितला होता.

कुलूपवाल्यांनी तरुणाकडे नव्या नजरेनं पाहिलं. कोशकाराची पाठ मोडलेली असते हे या पोराला कसं कळलं?

मुलीनं टेबलाखालून तरुणाच्या पायावर पाय दिला. त्याचा अर्थ त्याला बरोबर कळला. याहून वाईट.

दुसरा शब्द ‘आगवळ’. या खेपेला तरुणानं लिहिलं, घोड्याला स्वतःच्याच शेपटीची वाटणारी भीती. चिठ्ठी वाचताना आत्याच्यासुद्धा लाइनी क्षणभर व्यस्त झाल्या. पण कुलूपवाले टेबलावर हात आपटून म्हणाले की, हे कुणाला सुचणंच शक्य नाही. घोडा ठीक, शेपटी ठीक, पण स्वतःच्याच? एवढं नेमकं खोटं कुणी बोलत नाही. असा एक घोडा कुठेतरी होऊन गेला असणार, त्याशिवाय छापतील का?

आगवळ म्हणजे वेणी बांधायची दोरी निघाली. ती बायकोनं ओळखली होती. घोडा पाहुण्यांचा.

कुलूपवाले खुर्चीत मागे रेलले. त्यांना हरल्याचा राग आला होता का? नव्हता, आणि हीच तर खरी गंमत. एकदा त्यांच्या दुकानाचं स्वतः घडवलेलं कुलूप कुणा चोरानं ओरखडाही न उठवता उघडलं होतं, तेव्हा ते तक्रार द्यायला गेले आणि तासभर त्या चोराची तारीफ करून आले. तसलंच काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर पसरत होतं. आत्याच्या कानाशी वाकून ते म्हणाले, काय हात आहे पोराचा. भागीदार म्हणून आज ठेवीन. जावई म्हणून छातीच होणार नाही.

मुलीला ते ऐकू गेलं. तिचा चेहरा उतरला. आता तिनं तरुणाकडे असं पाहिलं की तो पेन्सिल चावायला लागला.

तिसऱ्या शब्दाला, ‘आढे’ला, त्यानं हातच टेकले. त्याची चिठ्ठी निघाली: अर्थ माहीत नाही.

मुलीनं कपाळाला हात लावला, पण जरा आशेनंच. याच्याखाली आता जाता येत नव्हतं. कुलूपवाले मात्र उठून उभे राहिले. कोशाच्या पुठ्ठ्यावर त्यांनी पालथा हात ठेवला, आणि त्यांचा आवाज जड झाला. “याला म्हणतात कोश,” ते म्हणाले. “एवढा शिकलेला माणूस, आणि छापून मोकळा झाला की मला माहीत नाही. ही खरी विद्या.”

आढे म्हणजे छपराचं सर्वांत वरचं आडवं लाकूड, आत्यानं वाचलं. बायको मघाच तसं म्हणाली होती. कुलूपवाले सावकाश खाली बसले. आता त्यांच्या डोळ्यांत भीती होती. ज्याला माझं मन इतकं आतून ठाऊक आहे, तो उद्या माझ्या मुलीला काय सांगेल आणि ती काय काय खरं मानेल! ते म्हणाले, आता एकच डाव. तरुणाला ‘अहो-जाहो’ करत होते, ते आणखी अदबीनं करायला लागले. हे लक्षण वाईट होतं.

शेवटचा शब्द निघाला ‘तिवडा’. तरुण कितीतरी वेळ कोऱ्या चिठ्ठीकडे बघत बसला. मग त्यानं भरभर काहीतरी लिहिलं आणि डब्यात टाकलं.

आत्यानं वाचलं. खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. तीन पायांचा कुत्रा. उसवलेली बाही. चौथी चिठ्ठी उघडून तिनं चष्मा पुसला आणि त्याच सुरात वाचली: “तिवडा: हे मी लिहिलं आहे, काका, आणि हे खोटं आहे. मी कवळीवाला. कृपा करून बोट द्या.”

मुलीनं हात जोडले. कुलूपवाल्यांचं बोट वर आलं. तरुणाच्या दिशेनं अर्ध्यावर गेलं. आणि थांबलं. आणि वळलं! ते वळलं आणि मुलीवर रोखलं गेलं.

“ही तुझी,” ते म्हणाले. “त्याला वाचवायला लिहिलीस. तो असला कच्चा माणूस नाही.”

मुलगी रडायच्याही पलीकडे गेली. तिनं सांगितलं की, तिची चिठ्ठी कुत्र्याची. तरुण हात जोडून सांगायला लागला की, काका, शपथेवर सांगतो, मी दुपारभर पकडला जाण्याचा प्रयत्न करतोय, मला खोटं येतच नाही. कुलूपवाल्यांनी ते सगळं मान तिरकी करून ऐकलं आणि आत्याला म्हणाले, “बघ. हे तर सगळ्यात सुंदर.”

आणि ते जड मनानं म्हणाले की, नियम म्हणजे नियम. एवढा गुणी मुलगा त्यांनी पाहिला नव्हता. म्हणूनच होकार देता येत नाही.

तेव्हा बायको पहिल्यांदा खेळाबाहेरचं काही बोलली. तरुणाकडे वळून ती म्हणाली, “चहा कसा झाला होता?”

“छान झाला होता, काकू.”

“त्याच्या कानांकडे बघा,” ती नवऱ्याला म्हणाली.

कुलूपवाल्यांनी पाहिलं. तरुणाचे दोन्ही कान भट्टीतून काढल्यासारखे लाल झाले होते. चहात साखर घालायला ती विसरली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पाहुण्यासमोर कुणी बोललं नव्हतं इतकंच.

ती सांगत गेली. पहिली चिठ्ठी आत्यानं हातात घेतली तेव्हापासून हे कान असेच पेटताहेत. मला चारही वेळा कळलं, हिला चारही वेळा कळलं, आत्याला तर अक्षरच दिसत होतं. खोटं पकडता आलं पाहिजे असं तुम्ही म्हणालात. आलं. आता संसार करायचाय हिनं, पकडायचंय हिनं. तुम्हाला कशाला यायला हवं?

कुलूपवाल्यांना दुकान आठवलं. दुकानात कुणी जोडकिल्ली करायला आलं की, ‘ही किल्ली तुमचीच ना?’ असं तीच विचारायची, आणि ती नुसती मान हलवायची तेव्हाच ते कानस उचलायचे. आजवर एकही किल्ली चुकीच्या हाती गेली नव्हती. त्याची सगळी वाहवा ते एकटेच घेत आले होते. तिनं कधी बोट दिलं नव्हतं. त्यांना एकदम वाटलं, की या बाईला चांगलंसं काहीतरी म्हणावं. पण तेवढ्यात सगळे आपल्याकडे बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि सवय आडवी आली.

त्यांनी खाकरून घसा साफ केला. मग म्हणाले, होकार आहे. मुलीनं टुणकन उडी मारली, आत्यानं “अभिनंदन” असं म्हटलं की जणू पुढे प्रतीक्षा करावी लागणार आहे. कुलूपवाल्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“आणि एक ध्यानात ठेवा,” ते म्हणाले. “मला पहिल्या चिठ्ठीपासून सगळं कळत होतं. मी मुद्दाम चुकत होतो. पारख करायची तर असंच करावं लागतं.”

बायकोनं कपबशा गोळा करायला घेतल्या. मुलगी छताकडे बघायला लागली. आत्या व्यस्त झाली. कुणी काही बोलेना, आणि ते न बोलणं लांबत चाललं, तसा तो तरुण, मनाचा फार चांगला, पुढे सरकून अदबीनं म्हणाला, “मला वाटलंच होतं तसं, बाबा.”

आणि त्याचे कान लालभडक झाले.

कुलूपवाल्यांनी ते पाहिलं. या खेपेला अगदी स्वतः पाहिलं! त्यांचं बोट आपसूक वर आलं, तोंड उघडलं, “ही तु...” एवढं बाहेरही पडलं. सबंध दुपारभरात पकडलेलं पहिलं आणि एकुलतं एक खोटं. पण ते पकडायचं, तर त्याच्या आधीचं कुणाचं होतं तेही सांगावं लागलं असतं.

त्यांनी त्या बोटानं कान खाजवला, आणि आणखी थोडा चहा मिळेल का म्हणून विचारलं.