बसवंतांच्या दुकानातली जावा

"सर, फॉक्सप्रो ही म्हाताऱ्यांची भाषा झाली," शार्दूल म्हणाला, आणि आजचीही बस चुकली हे वासुदेवने ओळखलं.

बंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत दुपारपासून एकच वाद पेटला होता. मल्लेश्वरमच्या बसवंतांना साड्यांच्या दुकानासाठी बिलांचा प्रोग्रॅम हवा होता, तो कोणत्या भाषेत लिहायचा? वासुदेवने असले प्रोग्रॅम आजवर फॉक्सप्रोतच लिहिले होते. भाषा म्हणजे पातेलं, भात शिजल्याशी मतलब, असं त्याचं मत. नुकताच पुण्याहून आलेला शार्दूल मात्र मासिकं वाचून पेटलेला.

"सगळं जग जावाकडे चाललंय, सर!"

"जाऊ दे. बसवंतांना साड्या मल्लेश्वरममध्येच विकायच्यात."

"स्वल्प विचार करून सांगा, वासुदेवराव," मालक बिंदुमाधवअण्णा म्हणाले. "तुम्ही म्हणाल ते फायनल."

फॉक्सप्रो म्हटलं तर शार्दूल आणखी तासभर बोलणार. वासुदेवने डबा उचलला. "सरी, ठीक आहे. जावा."

शार्दूलने लिहिलेली जावा दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हलेना. अण्णांनी बसवंतांना नवा घ्यायला लावला. त्यावर ती चालली, पण पहिल्या दिवसाच्या बाळंतिणीसारखी. प्रिंटरशी तर तिने बोलणंच टाकलं. गौरीचा सण तोंडावर आला, दुकानात बायकांची झुंबड उडाली.

"अहो, बिल दिसेपर्यंत गिऱ्हाईक साडी नेसून हळदीकुंकवाला जाऊन येईल!" बसवंत फोनवर ओरडले. "उद्यापर्यंत झालं नाही तर मशीन तुमच्या दारात आणून ठेवतो!"

शार्दूल जर्मनीतल्या कुणाला तरी ई-मेल पाठवून उत्तराची वाट बघत बसला. वासुदेव दुकानात गेला, रेशमी गठ्ठ्यांच्या आड बसला आणि संध्याकाळपर्यंत सगळं गुपचूप फॉक्सप्रोत लिहून मोकळा झाला. प्रिंटर खडखडत सुटला.

सण पार पडल्यावर बसवंत पेढे घेऊन ऑफिसात आले. "अण्णा, काय वेग! ही जावा म्हणजे जादू आहे हो!"

वासुदेवने खरं सांगायला तोंड उघडलं. पण खरं सांगितलं की मीटिंग आली. त्याने तोंडात पेढा टाकला.

"सर, कुठलं व्हर्जन वापरलंत?" शार्दूलने हळूच विचारलं.

"जुनं."

अण्णा भारावून उभे राहिले. "ठरलं! आपले फॉक्सप्रोतले सगळे प्रोग्रॅम आता जावात लिहून काढायचे. आणि वासुदेवराव, ते तुम्हीच करायचे. दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही!"